बोलायला परवानगी लागत नाही

ओउलूत नोव्हेंबरात तीनलाच अंधारून येतं.
रेडिएटरवर मोजे वाळताहेत, कॉफी चौथी,
आणि कुहमोहून उर्हो केम्पाइनेन यांचं पत्र,
शेजारणीकडून लिहून घेतलेलं:
"बाई, तुमची नवी आवृत्ती आली
आणि माझा संगणक मुका झाला."

उर्हो पियानो जुळवतात. जन्मापासून दिसत नाही.
पडद्यावरचं सगळं एक जुना प्रोग्राम त्यांना वाचून दाखवतो,
एकोणीस वर्षं तोच, घोगरा, नाकात बोलणारा,
ज्याचा कर्ता केव्हाच दुसऱ्या धंद्याला लागला.
"नवा घ्या" असं मी लिहिलं नाही.
लिहिणार होते.

मी ध्वनी-सर्व्हर सांभाळते.
म्हणजे काय, ते आईला अजून नीट सांगता आलेलं नाही.
गाणं, खेळ, फोनची रिंग, सगळे एकाच स्पीकरच्या पंगतीला
एकदम बसतात, आणि मी वाढपी.
कुणी उपाशी उठू नये,
कुणी दुसऱ्याच्या पानात हात घालू नये.

आधी नुसती धर्मशाळा होती.
कुणीही यावं, कुणाचाही आवाज खाली-वर करावा,
मायक्रोफोनला कान लावून खुशाल बसावं.
म्हणून यंदा कडी बसवली: येईल त्याने विचारायचं.
पडद्यावर चौकट येते. हो. नाही. एवढंच.
राइवोने तार्तूहून शाबासकी धाडली.

आणि कुहमोत ती चौकट
नऊ दिवस उभी होती
ती दिसू न शकणाऱ्या माणसासमोर,
आणि ती वाचून दाखवणारा आवाज
तिच्याच उंबऱ्याबाहेर, परवानगीची वाट बघत.

कॉफी मी बेसिनमध्ये ओतून दिली.

बोलणं मोकळं केलं. ऐकायचं असेल त्याने विचारावं.
दोन वेगळ्या गोष्टी मी एका कुलपात कोंडल्या होत्या.
मग नव्या सर्व्हरला त्या म्हाताऱ्या प्रोग्रामची बोली शिकवली,
तिच्या चुकांसकट. एकोणीस वर्षांत
चुकांवरही कुणाचा तरी संसार उभा राहतो.

आवाज आला. पण तुटत, टिचत.
नोंदींत सगळं आलबेल: बफर वेळेवर भरतो,
वेळेवर रिकामा होतो, एक ओळ लाल नाही.
फोन केला. "थांबा," उर्हो म्हणाले,
आणि गप्प झाले,
दोन तारांमधली थरथर मोजताना होत असतील तसे.
"सारख्या अंतरावर नाही टिचत.
दोनदा पटपट, मग लांब विसावा. लंगड्याची चाल.
आणि दर वेळी शेवटचा घोट सांडतो."

शेवटचा.

बफर म्हणजे रहाटगाडगं.
एका बाजूने भरत यायचं, दुसऱ्या बाजूने रितं व्हायचं.
फेरी जिथे पुरी होते, नेमकं तिथे
गाडगी मोजताना मी एक कमी धरलं होतं.
"पेक्षा कमी" खोडून लिहिलं "तितकं किंवा कमी".
सहा दिवसांच्या कामाची ही एवढी खूण.

साडेअकराला फोन. मागे तो घोगरा आवाज
विजेचं बिल वाचत होता, सेंटांपर्यंत, न अडखळता.
"स्वल्पविरामसुद्धा ऐकू येतो आता," उर्हो म्हणाले.
"पण एक सांगू? कळ दाबली की उत्तराला उशीर होतो.
पूर्वी असं नव्हतं."

खबरदारी म्हणून बफर जरा वाढवला होता मी.
कुणाला कळणार नाही, असं माझं आणि राइवोचं ठरलं होतं.
"चाळीस मिलिसेकंद," मी म्हटलं, "एवढंसं कुणाला—"

पलीकडे पियानोची एक पट्टी वाजली.
मग तीच, की तिच्यापेक्षा किंचित चढी?
"ऐकलंत?"

नाही ऐकलं.
खुर्ची पुढे ओढली, फोन दुसऱ्या कानाला लावला.
म्हटलं, पुन्हा वाजवा.